ओजी : 2017–18 चा हंगाम आणि संघबदल

डोटा 2 या संगणकीय खेळातील ओजी या युरोपीय व्यावसायिक संघाचा सप्टेंबर 2017 ते ऑगस्ट 2018 या काळातील हंगाम. या एका वर्षात पाच खेळाडूंपैकी तिघे संघ सोडून गेले, प्रशिक्षकालाच खेळायला बसावे लागले आणि संघाला खुल्या पात्रता फेरीच्या रांगेत उभे राहावे लागले. त्याच संघाने 25 ऑगस्ट 2018 रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे ‘द इंटरनॅशनल’ ही या खेळातील सर्वोच्च स्पर्धा जिंकली.

डोटा 2 हा व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा खेळ. पाच-पाच जणांचे दोन संघ, प्रत्येक खेळाडूच्या हाती एक ‘हीरो’, आणि प्रतिस्पर्ध्याच्या तळातील ‘एन्शंट’ ही वास्तू पाडणे हे उद्दिष्ट. हीरो शंभराहून अधिक आहेत. सामन्यापूर्वी दोन्ही संघ आळीपाळीने हीरो निवडतात आणि काही बाद करतात. याला ड्राफ्ट म्हणतात व निम्मी लढाई तिथेच लढली जाते. संघातील पाच जागांना एक ते पाच असे क्रमांक आहेत. पहिल्या क्रमांकाच्या कॅरीला सामन्यातील सोन्याचा सर्वांत मोठा वाटा मिळतो, तर पाचव्या क्रमांकाच्या सपोर्टच्या हाती जेमतेम काही उरते. पुढील संघबदल समजून घेताना ही उतरंड लक्षात ठेवावी लागते.

पार्श्वभूमी : ओजीची स्थापना ऑक्टोबर 2015 मध्ये डेन्मार्कचा योहान ‘नोटेल’ सुंडस्टाइन आणि इस्रायलचा ताल ‘फ्लाय’ आयझिक यांनी केली. दोघे पूर्वी फ्नॅटिक संघातून एकत्र खेळले होते. गुंतवणूकदाराने खेळाडू विकत घेऊन उभारलेला हा संघ नव्हता. तो खेळाडूंनीच काढला आणि खेळाडूंच्याच मालकीचा होता. त्याची घडण मैत्रीवर झाली असे त्याचे संस्थापक सांगत, आणि निकालही त्यांच्या बाजूने बोलत होते. फ्रँकफर्ट (2015), मनिला (2016), बोस्टन (2016) आणि कीव्ह (2017) अशा चार ‘मेजर’, म्हणजे मोठ्या, स्पर्धा ओजीने जिंकल्या. 2016 मध्ये मिरॅकल, क्रिट आणि मूनमिएंडर हे तिघे एकदम बाहेर पडल्यावरही संघ कोलमडला नाही. ऑस्ट्रेलियाचा आनाथन ‘आना’ फाम, स्वीडनचा गुस्ताव ‘एसफोर’ माग्नुसन आणि फिनलंडचा येस्से ‘जेरॅक्स’ वैनिक्का त्यांच्या जागी आले. द इंटरनॅशनलमध्ये मात्र हा संघ अडखळत राहिला. 2017 मध्ये सिअॅटलला तो सातव्या-आठव्या स्थानावर थांबला.

हंगामाचा पूर्वार्ध : सिअॅटलनंतर आनाने विश्रांती घेतली. त्याच्या जागी युक्रेनचा रोमान ‘रेझोल्यूशन’ फोमिनोक आला. याच वर्षी व्हॉल्व्हने ‘डोटा प्रो सर्किट’ सुरू केले. वर्षभरातील मेजर आणि मायनर स्पर्धांमधून गुण मिळवायचे आणि पहिल्या आठ संघांना द इंटरनॅशनलचे थेट निमंत्रण, अशी ती रचना होती. डिसेंबर 2017 मध्ये ओजीने मकाव येथील मायनर स्पर्धा जिंकली. या पूर्वार्धात नोंद घ्यावी असे यश एवढेच. पुढील महिन्यांत संघ मोठ्या स्पर्धांमध्ये मागे पडत गेला. याच काळात रेझोल्यूशन बाहेर पडला आणि उत्तर अमेरिकेतील व्हीजीजे स्टॉर्म संघात गेला. त्याची जागा संघाचा फ्रेंच प्रशिक्षक सेबास्तियाँ ‘सेब’ देब्स याने घेतली. सेब जुना खेळाडू होता, पण बराच काळ त्याचे काम खुर्चीमागे उभे राहून सांगण्याचे होते.

मे 2018 : मे महिन्याच्या अखेरीस कर्णधार फ्लाय आणि एसफोर या दोघांनी अमेरिकेच्या एव्हिल जीनियसेस संघात जाण्याचा निर्णय घेतला. व्यावसायिक खेळात खेळाडूंनी संघ बदलणे रोजचेच आहे. इथे निराळेपण होते ते जाणारा कोण आणि केव्हा गेला यात. फ्लाय सहसंस्थापक होता, आणि पात्रता फेऱ्या काही आठवड्यांवर आल्या होत्या. ज्या संघाने मैत्रीला आपले भांडवल मानले त्याला हा घाव अधिक लागला असल्यास नवल नाही.

हिशेबाच्या दृष्टीने परिणाम आणखी कडक होता. सर्किटच्या नियमानुसार ठरलेल्या मुदतीनंतर खेळाडू बदलणाऱ्या संघाला थेट निमंत्रणाचा हक्क उरत नव्हता. त्याला खुल्या पात्रता फेरीपासून, म्हणजे कोणीही नाव नोंदवू शकेल अशा ऑनलाइन चाळणीपासून, सुरुवात करावी लागे. हा नियम पळवापळवीला आळा बसावा म्हणून केलेला होता. प्रत्यक्षात त्याचा फटका सोडून जाणाऱ्यांइतकाच मागे राहिलेल्यांनाही बसला. एव्हिल जीनियसेसलाही याच वाटेने जावे लागले, पण उत्तर अमेरिकेला तीन जागा होत्या. युरोपला एकच.

नवी जुळणी : उरले नोटेल, जेरॅक्स आणि सेब. आनाला परत बोलावण्यात आले. उरलेल्या एका जागेसाठी फिनलंडचा तोपियास ‘टॉपसन’ तावित्साइनेन निवडला गेला. तो वीस वर्षांचा होता आणि घरून ऑनलाइन खेळून त्याने क्रमवारीत नाव कमावले होते. मोठ्या रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर खेळण्याचा अनुभव त्याला जवळजवळ नव्हताच. उपलब्ध खेळाडूंतून घाईने केलेली ही निवड होती, आणि तिच्यामागे कोणी दूरदृष्टीची योजना शोधू नये.

खरा बदल मात्र भूमिकांमध्ये झाला. पूर्वी कॅरी खेळणारा नोटेल पाचव्या क्रमांकाचा सपोर्ट आणि कर्णधार झाला. संघाचा संस्थापक आणि नावाजलेला खेळाडू सर्वांत कमी सोने मिळणाऱ्या जागेवर जाऊन बसला. मधल्या लेनमधून, म्हणजे नकाशावरील मधल्या वाटेवरून, आना कॅरीच्या जागी गेला, मधली लेन टॉपसनला मिळाली, सेबने ऑफलेन ही तिसऱ्या क्रमांकाची जागा घेतली, आणि जेरॅक्स आपल्या चौथ्या क्रमांकावर कायम राहिला. टॉपसन धोका पत्करून, कित्येकदा बेफिकीर वाटावे असे खेळत असे. त्याच्या खेळाला मोकळीक मिळावी म्हणून बाकीच्यांनी स्वतःला आवरले, हा त्या उन्हाळ्यातील ओजीच्या खेळाचा कणा. रुमानियाचा क्रिस्टियान ‘पासारेल’ प्रशिक्षक होता.

खुली फेरी आणि त्यानंतरची युरोपीय पात्रता फेरी पार करून संघाने ती एकमेव जागा मिळवली.

द इंटरनॅशनल 2018 : या स्पर्धेत 18 संघ होते. बक्षिसांची एकूण रक्कम सुमारे 2 कोटी 55 लाख डॉलर होती. त्यातील मोठा भाग चाहत्यांनी खेळातील ‘बॅटल पास’ विकत घेऊन जमवलेला होता. त्या विक्रीचा पाव हिस्सा बक्षिसांत जात असे. साखळी फेरीत आपल्या गटात चौथे येऊन ओजीने वरच्या ब्रॅकेटमधील, म्हणजे हरल्यावरही खालच्या ब्रॅकेटमधून आणखी एक संधी मिळणाऱ्या बाजूतील, गटाची शेवटची जागा पकडली.

मुख्य फेरी रॉजर्स अरीनात झाली. पहिली गाठ व्हीजीजे स्टॉर्मशी, म्हणजे रेझोल्यूशनच्या नव्या संघाशी पडली. ती जिंकल्यावर समोर आला एव्हिल जीनियसेस. त्या संघात फ्लाय, एसफोर आणि 2016 मध्ये गेलेला क्रिट असे ओजीचे तीन माजी खेळाडू होते. ओजीने ही मालिका 2–1 अशी जिंकली. त्यानंतरच्या हस्तांदोलनात नोटेल आणि फ्लाय यांच्यातील गारठा कॅमेऱ्याने टिपला, आणि चाहत्यांमध्ये तो प्रसंग सामन्याइतकाच गाजला. वरच्या ब्रॅकेटच्या अंतिम फेरीत चीनच्या पीएसजी एलजीडी या संघालाही त्यांनी 2–1 असे हरवले. खालच्या ब्रॅकेटमधून एव्हिल जीनियसेसला मागे टाकून पीएसजी एलजीडी पुन्हा अंतिम सामन्यात आला. एव्हिल जीनियसेस तिसऱ्या स्थानावर राहिला.

अंतिम मालिका पाच सामन्यांची. पहिला ओजीने घेतला, दुसरा आणि तिसरा पीएसजी एलजीडीने. चौथ्यात ओजी मागे होता आणि हा सामना गेला असता तर विजेतेपदही गेले असते. याच सामन्यात सेबच्या हाती अॅक्स हा हीरो होता. अॅक्सचे मुख्य अस्त्र म्हणजे आसपासच्या शत्रूंना काही क्षण आपल्यावरच वार करायला भाग पाडणारी हाक. ती साधायची तर अंतर जवळजवळ नसावे लागते, म्हणून एका क्षणात लांबवर झेप घेऊ देणारा ‘ब्लिंक डॅगर’ सोबत लागतो. प्राण कंठाशी आलेले असताना सेबने थेट प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात उडी घेऊन हाक दिली. मागून साथीदारांनी तुटून पडून लढत फिरवली. समालोचकाने लांबवून ओरडलेले सेबचे नाव आजही या खेळाच्या चाहत्यांना ऐकवावे लागत नाही. पाचव्या सामन्यात आनाने एम्बर स्पिरिट घेऊन मालिका 3–2 अशी संपवली. व्हँकुव्हरमध्ये संध्याकाळ होती. भारतात रात्र जागून पाहणाऱ्यांना तोवर 26 ऑगस्टची सकाळ उजाडली होती.

विजेत्यांना सुमारे 1 कोटी 12 लाख डॉलर मिळाले. 2011 पासून चालत आलेला एक योगायोगही मोडला: तोवर विषम वर्षी पाश्चात्त्य आणि सम वर्षी चिनी संघ जिंकत आला होता. या हंगामावर रेड बुलने ‘अगेन्स्ट द ऑड्स’ हा माहितीपट काढला आणि व्हॉल्व्हच्या ‘ट्रू साइट’ मालिकेतही अंतिम सामन्याचे पडद्यामागील चित्रण आले. माहितीपटांत हे सारे नियतीने लिहिल्यासारखे दिसते. चौथ्या सामन्यातील ती एक उडी फसली असती तर यातले काहीच चित्रित करण्याजोगे उरले नसते.

नंतरची वाटचाल : विजेतेपदानंतर आनाने पुन्हा सुट्टी घेतली आणि ओजीची घसरण झाली. मार्च 2019 मध्ये तो परतला. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ओपनएआय फाइव्ह या संगणकप्रणालीने ओजीला 2–0 असे हरवले. ऑगस्टमध्ये याच पाच जणांनी शांघाय येथे टीम लिक्विडला 3–1 असे हरवून द इंटरनॅशनल पुन्हा जिंकली. दोनदा ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला संघ. जानेवारी 2020 मध्ये जेरॅक्सने निवृत्ती घेतली आणि पाचांची ही जोडणी सुटली. आना जून 2021 मध्ये निवृत्त झाला, नोटेलने त्याच वर्षाच्या अखेरीस खेळातून विश्रांती घेतली. मे 2022 मध्ये ओजीच्या नव्या, तरुण संघाने स्टॉकहोम मेजर जिंकली तेव्हा संघातील मीशा येऊ न शकल्याने त्याच्या जागी ऐनवेळी सेब खेळला होता.