निरीक्षणवहीतील रिकामा रकाना

अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतलेल्या छात्राध्यापकाच्या हाती खडूच्या आधी निरीक्षणवही येते. प्राथमिक वर्गाच्या मागच्या बाकावर बसून त्याने पाठ पाहावयाचा आणि प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, उपयोजन अशा ठरलेल्या रकान्यांत नोंदी करावयाच्या, हा परिपाठ जुना आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या अनुयायांनी पाठाच्या ज्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यांचा ठसा या रकान्यांवर आजही दिसतो. मात्र त्यांतील बहुतेक नोंदी शिक्षकाच्या कृतीविषयी असतात. मूल त्यांत उत्तर देण्यापुरतेच येते.

ही नजर शिक्षकाकडून मुलाकडे वळवण्याचे मोठे श्रेय डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना द्यावे लागते. १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केले. त्या मूळच्या वैद्यक. रुग्णाची लक्षणे धीराने पाहण्याची सवय त्यांनी वर्गात आणली. शिक्षकाने आधी पाहावे आणि मगच मदतीचा हात पुढे करावा, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र ठरले.

भारतात हा विचार रुजला तो सौराष्ट्रातील भावनगर येथे. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. १९१३ मध्ये पुत्रजन्म झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या चिंतेतून ते बालशिक्षणाकडे वळले, १९१६ मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर उघडले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो टाचण काढून, मोठ्या उमेदीने शांततेचा खेळ घेऊन वर्गात जातो. मुले गोंधळ घालतात, खेळ फसतो आणि अखेर वर्गाला सुट्टी द्यावी लागते. दोष मुलांवर न ढकलता तो आपली योजनाच पुन्हा तपासतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगू लागतो. पहिल्या पाठाच्या वेळी ज्याचे टाचण दहा मिनिटांत कोलमडले आहे, अशा प्रत्येक छात्राध्यापकाला या प्रसंगात आपला चेहरा दिसावा. वर्ग ऐकत नाही, हेही एक निरीक्षणच असते.

या प्रवाहात मराठी शिक्षणजगताचा दुवा ठरल्या ताराबाई मोडक. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर असलेल्या ताराबाई राजकोट येथील स्त्री-अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य होत्या. अध्यापिका घडवण्याचे मानाचे पद सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या आणि लहान मुलांमध्ये रमल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. एका मराठी शिक्षिकेचा हा विचार गुजराती भूमीत आणि गुजराती सहकाऱ्याच्या सोबतीने परिपक्व झाला, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यम जपणाऱ्या शाळांना विशेष जवळची वाटावी.

तथापि, निरीक्षणाची खरी कसोटी पुढेच होती. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम हाती घेतले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी होती, साधने होती, शिकवण्याची तयारी होती. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती वंचित वस्तीतील मुलेच येत नव्हती. मागच्या बाकावरून याचे कारण दिसणे शक्य नव्हते. मग शाळाच वस्तीच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. पुढे कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना हेच सूत्र विस्तारले. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, हे उमगल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदवणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने आली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांनीही ‘अंगणवाडी’ हेच नाव धारण केले.

या इतिहासात निरीक्षणाच्या तीन पायऱ्या दिसतात. प्रथम शिक्षक पाहिला गेला, नंतर मूल, आणि शेवटी वर्गात नसलेले मूल. तिसरी पायरी सर्वांत अवघड, कारण तिच्यासाठी निरीक्षणवहीत रकाना छापलेला नसतो. वर्गात असूनही नसलेली मुले तर प्रत्येक शाळेत असतात. घरी वेगळी भाषा बोलली जाते म्हणून उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणारा विद्यार्थी अशांपैकीच एक. पाठ रंगला, फळा सुरेख भरला, तरी त्याचा तास कोराच जातो.

आजचे छात्राध्यापक निरीक्षणवही भरून मार्गदर्शकांची स्वाक्षरी घेतात आणि गुण मिळवतात. ती औपचारिकता टळणारी नाही. परंतु हजेरी घेताना ज्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी खूण होते, तेथे क्षणभर थांबून कारण विचारण्याची सवय त्याच वहीतून लागली, तर मागच्या बाकावर घालवलेले ते तास सत्कारणी लागले असे म्हणता येईल. कोसबादची विकासवाडी याच प्रश्नातून उभी राहिली होती.