जस्ताचं बोट

कण टिकत नव्हते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत जोनाथन मिलर नावाचा संशोधक विद्यार्थी आफ्रिकी नखवाल्या बेडकाच्या कच्च्या अंड्यांतून एक जोडकण वेगळा काढत होता : ५एस नावाचा लहानसा आरएनए आणि त्याला बिलगलेलं टीएफथ्रीए हे प्रथिन. हेच प्रथिन त्या आरएनएचं जनुक चालू करतं, हे अमेरिकेत रॉबर्ट रोडर यांच्या गटाने १९८० मध्ये दाखवलं होतं. म्हणून तर ते हवं होतं. पण गाळण्या-धुण्यात कण विस्कटायचे आणि हाती फारसं काही उरायचं नाही.

मिलरचे मार्गदर्शक होते एरन क्लूग. दक्षिण आफ्रिकेत वाढलेले, रोझलिंड फ्रँकलिन यांच्यासोबत काम केलेले, १९८२चे रसायनशास्त्राचे नोबेल मानकरी. दोष हाताळणीचा निघाला नाही. द्रावणात घातलेलं एक रसायन धातू ओढून घेणारं होतं. मग कणात धातू असला पाहिजे! धातू पकडणारं दुसरं रसायन मुद्दाम घातलं, तर कण फुटले. जस्त घालून ठेवलं, तर शाबूत राहिले. मोजणी केली तेव्हा एकेका कणात जस्ताचे ७ ते ११ अणू सापडले. नासाडीचंच कारण शोधत बसलेल्या माणसांना हे मिळालं, आणि या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पुढे पाचक विकराने प्रथिन कुरतडलं, तर ते सारख्या मापाच्या तुकड्यांनी लहान होत गेलं. १९८४ मध्ये अमिनो आम्लांचा क्रम जाहीर झाला आणि १९८५ मध्ये मिलर, मॅकलाक्लन आणि क्लूग यांनी उलगडा केला. सुमारे ३० अमिनो आम्लांचा एकच साचा ओळीने नऊ वेळा आलेला होता. प्रत्येक साच्यात ठरलेल्या अंतरावर दोन सिस्टीन, दोन हिस्टिडीन. चौघं मिळून जस्ताचा एक अणू धरतात आणि साखळीला घट्ट मुडप पडते. ही मुडप डीएनएला पकडते, म्हणून तिला बोट म्हणू लागले. १९९१ मध्ये पावलेटिच आणि पाबो यांनी उंदराच्या झिफ२६८ प्रथिनाचं स्फटिकचित्र दिलं. त्यात डीएनएच्या रुंद खाचेत तीन बोटं ओळीने बसलेली दिसतात, एकेक बोट जवळपास तीन-तीन अक्षरं चाचपणारं.

पण बोटाने जागा सापडते, एवढंच. तिथे जनुक जागवायचं की निजवायचं, हे प्रथिनाचा उरलेला भाग कोणाला बोलावतो त्यावर ठरतं. बीसीएल११ए हे असंच निजवणारं प्रथिन.

त्याचा माग १९४८ पर्यंत जातो. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना दिसलं, की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फार कमी असतात; गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन त्यांना राखत असावं. ते पुढे कोण बंद करतं? २००८ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी बीसीएल११एकडे बोट दाखवलं. २०१८ मध्ये जागाही नेमकी ठरली : त्याची जस्त-बोटं गर्भ-हिमोग्लोबिनच्या जनुकाआधी ‘टीजीएसीसीए’ ही सहा अक्षरं शोधून तिथे बसतात, आणि डीएनए आवळून बंद करणारी प्रथिनं सोबत जमतात.

२०२३ अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सिकलसेलवरच्या उपचारात रुग्णाच्याच रक्तमूळपेशी काढून, लाल पेशींच्या वाटेवर बीसीएल११ए वाढवणारा डीएनएचा पट्टा तोडतात. गर्भ-हिमोग्लोबिन परत येतं. अमेरिकेत एका रुग्णासाठी त्याची किंमत २२ लाख डॉलर लावली आहे, आणि सिकलसेल तर आपल्या गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये घरोघरी माहीत असलेला आजार आहे. तिथे आईला तो बहुधा बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर, बीसीएल११एचं काम उरकत आल्यावर कळतो. बाळ किरकिर करतं, हात लावू देत नाही, आणि त्याच्या हातापायांची बोटं सुजलेली असतात.