वॉटसनच्या जिन्यावर

मुंबईत काळा घोड्याच्या चौकात थांबा, पण एस्प्लनेड मॅन्शन या इमारतीच्या अगदी खाली नको. २००५ साली इथल्या गॅलरीचा भाग कोसळला होता. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती रिकामी झाली. आयआयटीच्या अहवालानं तर पाडून टाकण्याचाच सल्ला दिला.

आता तारीख बदला. ७ जुलै १८९६, पावसाळ्यातली संध्याकाळ. हीच इमारत, पण आता वॉटसन हॉटेल. तुमच्या हाताखालचा लोखंडी खांब इंग्लंडात ओतून, सुटे भाग जहाजानं आणून इथे जोडलाय. हॉटेल गोऱ्या साहेबांचं, पण तुम्ही बिनधास्त आत शिरा. अजून जन्मच न झालेल्याला कोण अडवणार! तिकीट एक रुपया. अंधार होतो, यंत्र खरखरतं आणि पडद्यावर आगगाडी थेट अंगावर येते. ल्युमिए बंधूंची ही हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदाच दिसताहेत. एका चित्रात मजूर भिंत पाडताहेत. बाहेरच्या भिंतींचं काय होणार, हे इथे फक्त तुम्हालाच ठाऊक.

याच वर्षाच्या सुरुवातीला लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता. वॉटसनचं नाव निघालं की लोक ट्वेन आणि सिनेमावरच थांबतात. मला विचाराल तर इमारतीला खरी गर्दी लाभली ती नंतर, तिची अब्रू गेल्यावर.

तेव्हा पुन्हा शंभरेक वर्षं पुढे या. त्याच लाकडी जिन्यावर आता अशिलांची रांग आहे. सत्र न्यायालय हाकेच्या अंतरावर, म्हणून साहेबांच्या खोल्यांना प्लायवूडच्या फळ्या ठोकून वकिलांनी चेंबरं थाटलीत. डोक्यावर वायरींचं जंजाळ, कपाटांवर लाल फितीत बांधलेल्या फायली, त्यांवर धूळ. वळणावर कटिंगचे ग्लास घेऊन येणाऱ्या पोऱ्याला वाट द्यायला तुम्हाला भिंतीला चिकटावं लागतं. ज्या हॉटेलात एतद्देशीयांना मज्जाव होता, तिथे जमिनीच्या वादातला शेतकरी चपला न काढता आत जातो आणि समोरची खुर्ची ओढून बसतो. वारसावाल्यांना ही दुर्दशा वाटते. असेल, गंज काही खोटा नाही. पण इतकी माणसं या इमारतीनं साहेबाच्या काळात कधी आत घेतली होती?

टायपिस्ट मान वर न करता विचारतो, "प्रतिज्ञापत्र का? नाव सांगा. पूर्ण."