कार्थेजची मंडळी आणि पतितांचा प्रश्न

मंडळीच्या इतिहासाकडे आपण बहुधा रक्तसाक्ष्यांच्या नामावळीसाठी वळतो. परंतु छळाच्या काळी ज्यांनी प्रभूला नाकारले त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न पाळकास व धर्मशिक्षकास अधिक निकटचा आहे, असे आम्हांस वाटते.

इ. स. २४९ च्या अखेरीस रोमन सम्राट डेशियस याने प्रजाजनांनी देवतांना बलिदान करावे असे फर्मान काढले. बलिदान करणाऱ्यास अधिकाऱ्यांच्या सहीचा दाखला मिळे. असे चाळीसांहून अधिक दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत; आपण नेहमीच देवतांना भजत आलो असून आताही अधिकाऱ्यांसमक्ष बलीचे मांस चाखले, अशा आशयाचा मजकूर त्यांवर आहे. कार्थेजमध्ये पुष्कळांनी बलिदान केले. काहींनी ते न करता, पैसे भरून, दाखला तेवढा मिळविला.

बिशप सिप्रियन स्वतः अज्ञातवासात गेला. रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० रोजी रक्तसाक्षी झालेला, त्यामुळे तेथील पाळकवर्गाने पत्रातून सिप्रियनला आडून टोमणा मारला. (ज्याने स्वतः जीव वाचविला त्याने पतितांचा न्याय करावा, ही अडचण सिप्रियनच्या लेखनात जाणवत राहते, आम्हांस तरी त्यामुळे तो अधिक विश्वसनीय वाटतो.) दरम्यान तुरुंगात यातना सोसलेले विश्वासू जन पतितांसाठी शिफारसपत्रे देऊ लागले. ‘अमुक व त्याची माणसे’ अशी मोघम पत्रे निघाली. सिप्रियनने त्यांस हरकत घेतली : ज्याला ओळखता, ज्याचा पश्चात्ताप पाहिला, त्याचेच नाव लिहा.

इ. स. २५१ च्या परिषदेने सर्वांस एकच माप लावले नाही. केवळ दाखला घेतलेल्यांना प्रत्येकाची चौकशी करून स्वीकारावे, बलिदान केलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे व मरणसमयी त्यांना सहभागिता द्यावी, असे ठरले. रोममध्ये नोव्हेशियनने मात्र पतितांना दार बंदच ठेवले आणि वेगळी मंडळी काढली.

दाखल्याचा प्रश्न आपणांस अपरिचित नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख व १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून कागदावर एक धर्म व उपासनेत दुसरा, अशी कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांना सरसकट पतित म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या कागदाची पाळी मुळात अन्यायानेच आणली आहे. तरी अशा बांधवास प्रभुभोजनापासून दूर ठेवा म्हणणारे आम्ही ऐकले आहेत, आणि त्यात काय मोठेसे, असे म्हणणारेही. कार्थेजच्या परिषदेने दोघांचेही मानले नसते. तिने आधी त्या माणसाच्या घरी जाऊन विचारले असते.

पुढे सम्राट गॅलसच्या कारकीर्दीत नव्या छळाची चिन्हे दिसू लागली. तेव्हा सिप्रियन व त्याच्या सहबिशपांनी, प्रायश्चित्त करीत असलेल्या बलिदानकर्त्यांनाही ताबडतोब सहभागितेत घेतले. कारण त्यांनी लिहून ठेवले आहे : ज्यांना आपण लढावयास सांगतो त्यांना निःशस्त्र कसे पाठवावे? ख्रिस्ताचे रक्त ज्यांना आपण देत नाही, त्यांनी त्याच्यासाठी आपले रक्त सांडावे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?