वणवा आणि त्याचे विझविणारे : भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील अग्निरक्षणाचा इतिहास

अरण्यातील आग विझविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होय, ही कल्पना जगातही फारशी जुनी नाही. अमेरिकेत इ. स. १९१० च्या ऑगस्ट महिन्यात आयडाहो व मोंटाना ह्या राज्यांतील सुमारे तीस लक्ष एकर अरण्य दोन दिवसांत जळाले आणि त्यानंतर तेथील वनखात्याने आगीविरुद्ध जणू युद्धच पुकारले. इ. स. १९४० मध्ये विमानातून हवाई छत्रीने उतरून आग विझविणारे ‘स्मोकजंपर’ प्रथम कामावर उतरले. त्याच दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियात ‘हॉटशॉट’ ह्या नावाची पथके उभी राहिली. सुमारे वीस जणांचे एक पथक, त्याचा नायक, त्याची शिस्त व त्याचे स्वतःचे नाव, अशी ही रचना आहे. ह्या पथकांवर अनुबोधपट निघाले, ग्रंथ झाले, आणि त्यांतील माणसे जनमानसात वीर म्हणून प्रतिष्ठा पावली.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे ह्या दोन तालुक्यांच्या डोंगरांतही दर उन्हाळ्यात वणवे लागतात आणि दर उन्हाळ्यात ते कोणी ना कोणी विझवितो. परंतु ह्या विझविणाऱ्यास मराठीत नाव नाही. ‘वणवा’ हा शब्द लहान मुलासही ठाऊक असतो. वणवा लावणाऱ्यास कायद्याने ‘आरोपी’ हे नाव दिले आहे. विझविणारा मात्र कागदोपत्री ‘हंगामी मजूर’ किंवा ‘ग्रामस्थ’ एवढाच उरतो. हा अभाव केवळ शब्दाचा नसून त्यामागे दीडशे वर्षांचा प्रशासकीय इतिहास आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. सह्याद्रीच्या मुख्य रांगेस लागून असलेला हा प्रदेश म्हणजे जुन्या बारा मावळांपैकी काहींचा मुलूख : हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरे, कानद खोरे, वेळवंड खोरे. राजगड व तोरणा हे वेल्ह्यात, तर रोहिडा व रायरेश्वर हे भोरात मोडतात. इ. स. १९४८ च्या ८ मार्चपर्यंत हा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. त्या दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्याच्या मंत्रिमंडळाने इ. स. २०२४ मध्ये मान्यता दिली. येथे इतिहासाच्या सोयीसाठी रूढ नावच वापरले आहे. येथील पाऊस विपुल आहे, परंतु तो चार महिन्यांतच आटोपतो. पावसाळ्यात डोंगरउतारांवर पुरुषभर गवत माजते आणि माघ-फाल्गुनात तेच वाळून ज्वालाग्राही होते. वणव्याचा धोका साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाच्या आगमनापर्यंत राहतो. तीव्र चढ, वाळलेले गवत आणि दुपारी दरीतून वर चढणारा वारा ही तिन्ही एकत्र आली म्हणजे आग माणसाच्या पावलापेक्षा वेगाने वर धावते; कारण चढावर ज्वाळा पुढील गवतास आधीच तापवीत जातात.

ह्या प्रदेशाच्या बोलीत आगीविषयीचे शब्द मोठ्या काटेकोरपणे वापरले जातात. ‘वणवा’ ह्या शब्दाच्या पूर्वपदात संस्कृत ‘वन’ स्पष्ट दिसते, आणि प्राकृत ‘वणदव’ ह्या शब्दाशी त्याचा संबंध जोडता येतो. संस्कृतात ‘दव’ म्हणजे अरण्यही आणि अरण्यातील आगही. परंतु व्युत्पत्तीपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. वणवा ‘लागतो’ किंवा ‘पेटतो’. तेथे कर्ता नसतो. राब मात्र ‘भाजला’ जातो. तेथे शेतकरी हा कर्ता, रोपवाटिकेचा तुकडा हे कर्म आणि पेरणीपूर्वीचा काळ ही मर्यादा, असे सर्व काही ठरलेले असते. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा व गवत ह्यांचे थर द्यावयाचे, आग भडकू नये म्हणून वर माती पसरावयाची आणि मग तो थर सावकाश जळू द्यावयाचा, ही राबाची रीत. त्यामुळे तणाचे बी मरते, माती भाजून निघते आणि राखेचे खत मिळते. ‘जाळणे’ हे नाशाचे क्रियापद आहे, ‘भाजणे’ हे संस्काराचे. मावळातील शेतकऱ्यास नियंत्रित आग आणि अनियंत्रित आग ह्यांतील भेद शिकवावा लागत नव्हता. तो त्याच्या भाषेतच होता.

शिवकालीन कारभारातही आगीविषयीची दक्षता दिसते. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात चिपळूण भागातील लष्करी छावणीस उद्देशून शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. रात्री चुली पेटत्या ठेवणे, गवताच्या गंजीजवळ तंबाखू ओढणे, इतकेच नव्हे तर उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेणे, असे आगीचे बारीकसारीक प्रसंग कल्पून त्यात ताकीद दिलेली आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी ही गडाच्या रक्षणाचाच भाग मानून ती प्रयत्नपूर्वक वाढविण्याचा आदेश आला. दोन्ही ठिकाणी जबाबदारी हुद्द्यास जोडलेली आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे : आज्ञा जुमलेदारास, हवालदारास, गडकऱ्यास उद्देशून आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश वनखाते अस्तित्वात आले आणि आगीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. मध्य प्रांतातील बोरी येथे १८६० नंतरच्या दशकात कर्नल पिअर्सन ह्यांनी जाळरेषा आखून आगीपासून वन राखण्याचा प्रयोग यशस्वी केला आणि ती पद्धत हिंदुस्थानभर अनुकरणीय ठरली. इ. स. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविला. त्यामुळे सर्वांत मोठा संघर्ष राबावरून उद्भवला. घाटाखालच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल इ. स. १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. राबासाठी लागणाऱ्या डहाळ्या व पाला तोडण्याचा हक्क हा त्यातील एक प्रमुख वादविषय होता. आगीचा संपूर्ण निषेध शास्त्रदृष्ट्या योग्य आहे काय, ही शंका खुद्द वनाधिकाऱ्यांनाही लवकरच आली. इ. स. १८९६ मध्ये स्लेड ह्या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशात अग्निरक्षणाचा अतिरेक होत असल्याचे प्रतिपादन केले; आग पूर्णपणे रोखल्याने सागाची नैसर्गिक वाढ खुंटते, असा त्याचा आशय होता.

भोर संस्थान ब्रिटिशांच्या थेट अंमलाखाली नसल्यामुळे इलाख्याचा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता. विलीनीकरणानंतर मात्र इ. स. १९२७ चा भारतीय वन कायदा ह्या डोंगरांवर आला. आगीच्या दृष्टीने त्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचावयास हवीत. कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावणे वा निष्काळजीपणे पेटती ठेवणे हा अपराध आहे. शिवाय आग जाणूनबुजून अथवा घोर हयगयीने लागली असेल तर त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार सरकारास आहे. कलम ७९ अन्वये वनात हक्क वा परवाना असलेले लोक, त्यांचे नोकर आणि लगतच्या गावातील सरकारी वा गावकीचे वेतन घेणारे सेवक ह्यांनी आगीची वर्दी देणे व ती विझविण्यास झटणे बंधनकारक आहे. कसूर केल्यास शिक्षा आहे. तात्पर्य, एकच मनुष्य पहिल्या कलमात संशयित आणि दुसऱ्या कलमात सक्तीचा सेवक ठरतो. त्याच्या अंगच्या अग्निज्ञानास दोहोंपैकी एकाही कलमात स्थान नाही. विझविणाऱ्यास नाव का मिळाले नाही, ह्याचे उत्तर बहुतांशी येथे सापडते : जे काम कर्तव्य म्हणून लादले जाते, त्याची विद्या म्हणून नोंद होत नाही.

आजची व्यवस्था पुष्कळ सुधारलेली आहे. राज्याने इ. स. १९९२ पासून संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समित्यांद्वारे गावास वनरक्षणात सहभागी करून घेतले. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना पाठविते. त्यांपैकी एका संवेदकाची सूक्ष्मता ३७५ मीटर आहे. हवेच्या झोताने पालापाचोळा दूर सारणारी यंत्रेही आली आहेत. तथापि उपग्रह आग दाखवितो, विझवीत नाही. तोरण्याच्या वा राजगडाच्या सोंडेवर मोटार पोहोचत नाही, पाण्याचा बंब पोहोचत नाही. तेथे वनरक्षक, हंगामी मजूर व गावकरी ओल्या डहाळ्यांनी आग झोडपतात, किंवा पुढे जाऊन गवत कापून पट्टा मोकळा करतात. साधन बदलले, परंतु शेवटचे काम माणसाच्या हातापायांवरच राहिले.

हे काम किती जोखमीचे आहे, हे अमेरिकेतील दोन घटनांवरून कळते. मोंटानातील मान गल्च ह्या गवताळ, चढणीच्या दरीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी सोळा जण आगीच्या कचाट्यात सापडले आणि तेरा मृत्युमुखी पडले. पथकाचा नायक वॅग डॉज ह्याने पुढील गवतास स्वतःच आग लावली आणि जळून गेलेल्या जागेत तो पालथा पडून राहिला; त्यामुळे तो वाचला. इतरांस त्याने बोलाविले, पण त्याच्या कृतीचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला नाही. ॲरिझोनातील यार्नेल येथे ३० जून २०१३ रोजी वाऱ्याने दिशा बदलली आणि एकाच हॉटशॉट पथकातील एकोणीस जण दगावले. तेथे अशा दुर्घटनांची सविस्तर चौकशी झाली, इ. स. १९५७ मध्ये दहा स्थायी आज्ञा तयार झाल्या आणि प्रत्येक पथकास त्या शिकविण्यात आल्या. कौशल्य व नाव असूनही माणसे मरतात, हे खरे. परंतु नाव असल्यामुळे त्यांचे मरण पुढच्यांसाठी धडा बनते.

महाराष्ट्रातही असा प्रसंग घडला आहे. गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात एप्रिल २०२१ मध्ये वणवा विझविताना किमान तीन हंगामी वनमजुरांचा बळी गेला. भोर-वेल्ह्याचे उतार नागझिऱ्याहून कितीतरी तीव्र आहेत. तमिळनाडूतील कुरंगणी येथे ११ मार्च २०१८ रोजी डोंगरभ्रमणास गेलेले पथक वणव्यात सापडून वीसहून अधिक लोक मृत्यू पावले, इ. स. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या राजगडावर दरवर्षी चढणाऱ्या असंख्य लोकांच्या दृष्टीनेही हा इशारा गंभीर आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल की, वणवे लावतात तेही बहुधा स्थानिकच. जाळल्याने पुढील साली गवत चांगले येते, अशी समजूत खेडोपाडी आहे. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. जळालेल्या थोंबांतून कोवळे फुटवे लवकर येतात, म्हणून ती समजूत टिकून आहे. पण वरचेवर जळाल्याने झाडांची रोपे नष्ट होतात आणि उघड्या उतारावरील माती पहिल्याच पावसात वाहून खालच्या धरणांत उतरते. हे ध्यानी घेऊनही, त्या समजुतीवर शिक्षेचा उपाय दीडशे वर्षे करून झाला आहे. ज्या शेतकऱ्यास राब केव्हा, कोणत्या वाऱ्यात व किती भाजावा हे कळते, त्यास जाळरेषा केव्हा जाळावी हे सांगण्याचा अधिकार मिळाला असता, तर समजुतीचे परीक्षण गावातच झाले असते.

मान गल्चच्या उतारावर वॅग डॉजने केलेली कृती त्याच्या सहकाऱ्यांना अनाकलनीय वाटली. मावळात ‘भाजणे’ आणि ‘जाळणे’ ह्यांतील भेद जाणणाऱ्यास ती कदाचित तितकी अनाकलनीय वाटली नसती. हे ज्ञान ह्या डोंगरांत होते व काही अंशी आजही आहे. ते लिहून घेणे, त्यास शिक्षणाची व सुरक्षेच्या साधनांची जोड देणे आणि ते बाळगणाऱ्यास हजेरीपटावर ‘मजूर’ ह्याहून अधिक नेमके पद देणे, हे प्रशासनाचे काम होय. नाव दिल्याने आग विझत नाही. परंतु ज्यास नाव नसते त्याची संख्या मोजली जात नाही, त्याचा अनुभव नोंदला जात नाही, आणि तो डोंगरावर दगावला तर त्याच्या मागून चढणाऱ्यास त्यापासून काहीच शिकता येत नाही.