आपला बेंजो आणि त्यांचं स्किफल

मंडळी, स्किफल हा शब्द तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकला नसेल. आपण मराठी माध्यमवाले. नातवाच्या बीटल्स-वेडापायी मला तो कळला, आणि मग वाचत गेलो.

इंग्लंडात महायुद्धानंतरची टंचाई. रेशन संपायलाच १९५४ साल उजाडलं. पोरांच्या खिशात पैसे नाहीत आणि हौस मात्र दांडगी! मग आईचा कपडे घासायचा नालीदार पत्रा घ्यायचा, बोटांत शिवणाची अंगुस्तानं घालून तो खरवडायचा. चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावली की खर्जाचं वाद्य तयार. (चहा आपल्याकडचा, नाहीतर सिलोनचा. म्हणजे थोडा हातभार आपलाही!) सोबत एखादी स्वस्त गिटार. मूळ प्रकार अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा, १९२०च्या दशकातला. लॉनी डॉनेगननं १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'रॉक आयलंड लाइन' १९५६ मध्ये गाजलं आणि गल्लोगल्ली टोळकी निघाली. जॉन लेननचं 'क्वारीमेन' त्यांतलंच. ६ जुलै १९५७ रोजी चर्चच्या जत्रेत ते वाजवत असताना पॉल मॅकार्टनी ऐकायला आला होता. पुढचं जगाला ठाऊक आहे.

हे वाचताना मला सारखी आठवत होती ती आपली बेंजो पार्टी.

आपला बेंजो हा खरा बेंजो नव्हेच. अमेरिकेतला बेंजो कातडं ताणलेला, मुळं आफ्रिकेतली. आपला जपानी! १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा लावून 'ताइशोगोतो' नावाचं तंतुवाद्य बनवलं. तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झालं आणि कोळी-आगरी वस्त्यांत, गिरणगावात 'बेंजो'. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्यानं तार छेडायची. गुरू नको, स्वरलिपी नको. कान पक्का हवा. त्याला कर्णा जोडला, ताशा-ढोल आणि खुळखुळे आले की हळदीची रात्र जागलीच म्हणून समजा. आत धवलारिणींचे धवळे आणि अंगणात बेंजो, हे पनवेल-उरणकडचं लग्न.

प्रतिष्ठितांना मात्र तो कधी रुचला नाही. मी नोकरीला होतो त्या एका शाळेत स्नेहसंमेलनाला पेटी-तबला चालेल, बेंजो नको, असं ठरलं. मी विरोध केला; पण एकट्याचं कोण ऐकतो? ज्या मुलाचं वादन नाकारलं तो लग्नसराईत वाजवून स्वतःची फी भरत असे. इंग्लंडातल्या मास्तरांनीही असंच नाक मुरडलं असेल का? असो.

स्किफलची लाट दोन-तीन वर्षांत ओसरली. पण ती पोरं पुढे गिटारवाली झाली. आपला बेंजो कितीतरी दशकं टिकला. मग कीबोर्ड आले, डीजे आले. २०१६ मध्ये रवी जाधवांनी 'बेंजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तोवर इथल्या कितीतरी वादकांनी दुसरी कामं धरली होती.

नातेवाइकांना एक विनंती. विमानतळासाठी तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा अशी दहा गावं उठली. तिथल्या लग्नांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कोणाच्या कपाटात असतील तर टाकू नका. वरातीत बेंजो आहे आणि मागे ती घरं, ते रस्ते. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.