जिमी कोण?

मुंबईत विक्रोळीला १९६६ ते ६८ या काळात एक अमेरिकन बाई राहत होत्या. वय अडुसष्ट, पेशा नर्सचा. घरी नातवंडं असताना या वयात पीस कोअरच्या स्वयंसेविका होऊन त्या इतक्या लांब आलेल्या. लिलियन कार्टर त्यांचं नाव. पुढे काही वर्षांनी त्यांचा थोरला मुलगा जिमी त्यांना म्हणाला, मी प्रेसिडेंटच्या निवडणुकीला उभा राहतोय. त्यावर बाईंनी विचारलं म्हणे, कशाचा प्रेसिडेंट?

आईचीच ही तऱ्हा, मग बाकीच्यांचं काय सांगावं! जिमी जॉर्जिया राज्याचे माजी गव्हर्नर, घरचा भुईमुगाचा धंदा. तिकडे पक्षाचा उमेदवार कोण हे एकेका राज्यातले मतदार आधी ठरवतात, त्याला प्रायमरी म्हणतात. त्याच्या वर्षभर आधीपासून जनमत चाचण्या सुरू होतात. १९७५ च्या चाचण्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या नावांमध्ये जिमी अगदी तळाला. वर ह्युबर्ट हम्फ्री आणि जॉर्ज वॉलेस. दोघंही १९६८ ची निवडणूक लढवलेले, म्हणजे नाव घरोघरी पोचलेलं.

आपल्या महिला मंडळात वर्षभर आधी विचारा, पुढची अध्यक्ष कोण? ज्यांचं नाव तोंडावर आहे त्यांचंच घेतील. ते मत नव्हे, ती ओळख. लवकरच्या चाचण्यांचंही बरंचसं तसंच.

ती ओळख मिळवायला जिमींच्या पत्नी रोझलिन मैत्रिणीला घेऊन गाडीने फ्लोरिडाभर फिरल्या. गावात शिरलं की रेडिओचा उंच खांब कुठे दिसतो ते पाहायचं आणि थेट त्या केंद्रात जाऊन मुलाखत घ्या म्हणायचं. मुलाखत घेणाऱ्याला काय विचारावं हेच कळायचं नाही, म्हणून प्रश्नांची यादीही ह्याच घेऊन जायच्या! मला तर हा भाग साऱ्या राजकारणापेक्षा मोठा वाटतो. जानेवारी १९७६ मध्ये आयोवात जिमींना सुमारे अठ्ठावीस टक्के मिळाले. खरं तर त्याहून जास्त लोकांनी ‘अजून ठरलं नाही’ असं सांगितलं होतं, पण उमेदवारांत जिमी पहिले. वर्ष संपायच्या आत ते प्रेसिडेंट म्हणून निवडून आले.

त्याच्या आधीच्या खेपेला उलटं झालं होतं. १९७२ ला एडमंड मस्की सर्वांत पुढे. न्यू हॅम्पशायरमध्ये एका वर्तमानपत्राने त्यांच्या बायकोबद्दल वाईटसाईट छापलं, तेव्हा त्याच्या कचेरीसमोर बर्फ पडत असताना ते बोलायला उभे राहिले आणि गहिवरले. डोळ्यांत पाणी होतं की गालावर बर्फ वितळला, हा वाद अजून मिटलेला नाही. तिथे ते जिंकले, पण अपेक्षेपेक्षा कमी मतांनी, आणि मग मागेच पडत गेले. बायकोसाठी डोळे भरून आले हा कमकुवतपणा कसा, ते मला आजवर उमगलेलं नाही.

तरी चाचण्या खोट्याच, असंही नाही हं. धाकटे बुश १९९९ मध्ये पुढे होते, उमेदवारी त्यांनाच मिळाली. ट्रम्प २०१५ च्या उन्हाळ्यात वर गेले, ते बहुतेक वेळ वरच राहिले. हिलरी क्लिंटन मात्र २००७ मध्ये वर्षभर पुढे राहून आयोवात तिसऱ्या आल्या.

आता एक वेगळीच गोष्ट झाली आहे. ऑगस्ट २०१५ च्या रिपब्लिकन पक्षाच्या मुख्य वादसभेत चाचण्यांतल्या वरच्या दहांनाच जागा होती, बाकीच्यांना त्याआधी वेगळ्या वेळी उरकून घेतलं. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानेही टक्क्यांची अट घातली आणि पुढच्या सभांना ती वाढवत नेली. म्हणजे चाचणी हा नुसता अंदाज राहिला नाही, ती दारावरची राखणदार झाली. टक्के नाहीत म्हणून टीव्हीवर दिसायचं नाही, दिसत नाही म्हणून देणगी नाही, देणगी नाही म्हणून टक्के नाहीत. १९७५ चे जिमी अशा दाराशी आले असते तर आत गेले असते का?

कमला हॅरिस यांना तर सभेत जागाही मिळत होती. जून २०१९ च्या सभेनंतर त्या चाचण्यांत वर गेल्या, मग घसरत गेल्या, आणि ३ डिसेंबरला पैसे उरले नाहीत असं सांगून बाहेर पडल्या. आयोवातल्या मतदानाला तेव्हा दोन महिने बाकी होते.